शाळेची पट्टी आणि मतदाराची संमती

खामगाव, मलकापूर किंवा चिखली येथील नगरपरिषदेकडून येणारे मालमत्ता कराचे मागणीपत्रक नीट वाचणारे नागरिक थोडे. त्यात घरपट्टीच्या खाली शिक्षण कराची एक ओळ असते. १९६२ च्या कायद्याने बसविलेला हा उपकर राज्य शासनाचा आहे. नगरपरिषद केवळ वसुली करते आणि रक्कम शासनाच्या तिजोरीत भरते. या पैशातून कोणत्या शाळेचे छप्पर दुरुस्त झाले, हे कर भरणाऱ्याला सांगता येत नाही. त्याच्या नगरसेवकालाही सांगता येत नाही.

खेड्यांत याच्या नेमके उलट घडते. ग्रामपंचायतीच्या मागणी बिलात घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी ही नावे असतात. शाळेचे नाव दिसत नाही. जमीन महसुलावर जिल्हा परिषदेचा उपकर आहे, परंतु महसूलच नाममात्र उरल्याने उपकरही नाममात्र झाला आहे. शिक्षकांचे वेतन शासन देते हे खरे. पण गळके छप्पर, विजेचे देयक, कुंपण, ग्रंथालय यांसाठी अनुदानाची वाट पाहावी लागते आणि वाट पाहून थकल्यावर गाव लोकवर्गणी गोळा करते. ही वर्गणी ऐच्छिक म्हटली जाते. मागायला येणाऱ्यांत सरपंच आणि पोलीस पाटील असले म्हणजे ऐच्छिक या शब्दाचा अर्थ किती उरतो, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. तिचा दर कोणी ठरविलेला नसतो आणि तिच्या हिशेबाची सक्ती कोणावर नसते. शहरात कर आहे, पण त्याचा गावच्या शाळेशी संबंध नाही. खेड्यात शाळेशी संबंध आहे, पण कराची शिस्त नाही. संमती मात्र दोन्हीकडे नाही.

हा प्रश्न नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात स्थानिक संस्थांना शिक्षण पट्टी बसविण्याची मुभा होती. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने आणि दोन हिस्से सरकारने उचलावेत, अशी त्यांची योजना होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात झालेल्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा व त्यासाठी पट्टीचा अधिकार दिला. मात्र सभेत दोन तृतीयांश बहुमताची अट घातली. मताधिकार मूठभर मालमत्ताधारकांना होता त्या काळात या अटीचा लाभ कोणाला होणार होता, हे उघड आहे. वऱ्हाडात पुढे १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. हळूहळू निधीचा आणि निर्णयाचा ओघ मुंबईकडे वळला. मार्च २०२२ मध्ये बुलढाण्यासह बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले. निवडणुका घेण्यासाठी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. या काळात उपकर थांबला नाही. थांबला तो फक्त मतदाराचा प्रतिनिधी.

महाराष्ट्रातील मतदार थेट निर्णय घेण्यास असमर्थ आहे, असे मानण्यास आधार नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी २००८ च्या आदेशानुसार एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी मागणी केली की उभी बाटली, आडवी बाटली असे गुप्त मतदान होते. ज्या बाईला दुकान बंद करण्याचे मत आहे, तिला शाळेसाठी वर्षाला शंभर रुपयांची पट्टी असावी की नसावी, याचे मत नाही.

असे मत द्यायचे तर बहुमत किती, हा कळीचा मुद्दा ठरेल. बाटलीच्या मतदानात निम्म्याहून अधिक मते झालेल्या मतदानापैकी नव्हे, तर एकूण मतदारांपैकी लागतात. त्यामुळे पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेला प्रत्येक जण आपोआप विरोधात मोजला जातो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७८ साली जनमतानेच मालमत्ता कराला मर्यादा घातली आणि स्थानिक विशेष करांना दोन तृतीयांश मतांची अट लावली. शंभरातील पासष्ट जण शाळेसाठी कर देण्यास राजी असले तरी पस्तीस जण तो अडवू शकतात, आणि शाळांच्या निधीचे सूत्र राज्याच्या राजधानीकडे गेले. शाळांच्या इमारतींसाठी काढायच्या कर्जरोख्यांपुरती ही अट २००० साली ५५ टक्क्यांवर आणावी लागली. आपल्या ग्रामसभेची गणसंख्या दुसऱ्या टोकाची आहे: १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती. एवढ्या उपस्थितीत हात वर करून कर बसविणे म्हणजे वर्गणीलाच कायद्याचे कपडे घालणे होय. गुप्त मतदान, किमान निम्म्या मतदारांचा सहभाग आणि झालेल्या मतांचे साधे बहुमत, हा मधला मार्ग अधिक न्याय्य दिसतो. पट्टीला पाच वर्षांची मुदत हवी आणि हिशेब शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे.

यावरील गंभीर आक्षेप दोन आहेत. ज्यांची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात ते विरोधात मत देतील, हा पहिला. देतील, पण आज ते न बोलता विरोधात आहेत, आणि निदान मतपेटीत त्यांची संख्या कळेल. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. खामगावच्या परिसरात जिनिंगचे कारखाने आणि गोदामे असलेले गाव पट्टी उभी करील. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातील कोरडवाहू गावाने काय करावे? शिवाय पट्टी आली की शासन हात काढून घेईल, ही भीती निराधार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षक व इमारत ही शासनाची जबाबदारी ठरविली आहे. तिला पट्टीचा पैसा लागू नये, असे कायद्यातच लिहावे लागेल. आणि गोखल्यांचे एकास दोन हे प्रमाण गरीब गावासाठी एकास चार करता येईल. त्यासाठी नवा निधी शोधण्याचे कारण नाही. खामगावच्या मागणीपत्रकातील ती शिक्षण कराची ओळ आजही वसूल होतेच आहे.