आधी प्लग पाहा

खानापूरकडच्या एका आजारी आजींना डबा पोहोचवायचा होता आणि माझी जुनी मोटरसायकल चढावर आचके देऊ लागली. आजी दुपारी दोनपर्यंत उपाशी. चूक माझीच. आठवडाभर गाडी काळा धूर सोडत होती आणि मी आपला कार्बोरेटरचा स्क्रू पिळत बसलो होतो.

माझे मत आता पक्के आहे: कारण कळल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नये. आधी प्लग काढून रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक असेल तर नेमके उलट. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले, खिशाला हात घाला!

माझ्या प्लगवर काजळी होती. एअर फिल्टर उघडला, तर तांबड्या धुळीने गच्च. नवा फिल्टर बसवला, प्लग पुसला आणि मीच बिघडवलेला स्क्रू मेस्त्रीकडून मुकाट्याने जुळवून घेतला. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना कार्बोरेटर नाही, पण फिल्टर आहेच.

रविवारी मिस्सानंतर गाड्या आवारात थांबवा. प्लगपाना मी आणतो.