पाने वाटल्यावर हिशेब डोक्यातच व्हावा

जुलै २०२४ मध्ये लास व्हेगासला ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जोनाथन टमायो जिंकला आणि त्याला १ कोटी डॉलर मिळाले. अंतिम टेबलावर खेळताना तो मधूनमधून प्रेक्षकांतल्या मित्रांशी बोलायला जाई, आणि त्या मित्रांपुढे पोकरचे गणित मांडणारा लॅपटॉप उघडा होता. त्याबद्दल त्याला शिक्षा झाली नाही, तेव्हा त्याला लबाड म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. पण मग नियमच तोकडा होता, असे माझे ठाम मत आहे. सर्वांनी आधी ठरवून घेतले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी सामना चालू असताना आकडेमोडीला यंत्राचा आधार घेणे, मग तो साधा कॅल्क्युलेटर का असेना, ही लबाडीच धरली पाहिजे.

यावर म्हटले जाते की यंत्र काही समोरच्याची पाने दाखवत नाही, फक्त गणित करते. ते गणित कसे असते ते पाहा. टेबलावरच्या चार उघड्या पानांत दोन बदाम आहेत, हातातली दोन्ही पाने बदामाची; शेवटचे पान बदाम आले की पाच बदाम होऊन आपण जिंकू असे धरा. पॉटमध्ये, म्हणजे डावावर लागलेल्या रकमेत, ३,००० आहेत, समोरच्याने १,००० लावले. आपण १,००० घातले तर पॉट ५,००० चा होतो, म्हणजे पाचांत एकदा, २० टक्के वेळा तरी जिंकायला हवे. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम ९, म्हणजे शक्यता साधारण १९.६ टक्के. खेळाडू मनातल्या मनात नवाची दुप्पट करून अठरा धरतात. फरक इतका निसटता, की बदाम आलाच तर समोरचा आणखी पैसे घालेल का, यावर निर्णय फिरतो. तासन्‌तास बसून थकलेल्या डोक्याने, चेहऱ्यावर काही दिसू न देता हे सारे करायचे, यातच तर खेळाडूचा कस लागतो. हिशेब यंत्राने केला तर ती परीक्षा त्याने दिलीच नाही.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने डोके आणि यंत्र यांच्यातली ही रेषा फार पूर्वी ओढली आहे. एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ च्या पुस्तकात ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात गेलेली पाने मोजून जिंकता येते हे दाखवले. कॅसिनो अशांना बाहेर काढतात, पण डोक्यात पाने मोजणे तिथे गुन्हा नाही. त्याच कामासाठी उपकरण वापरणे मात्र १९८५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. कायद्यामागे कॅसिनोंचा स्वार्थ होता हे खरे, तरी रेषा योग्य जागी आहे. घरी सॉल्व्हर, म्हणजे पोकरचे गणित सोडवणारा प्रोग्रॅम, घेऊन महिनोन्‌महिने अभ्यास करणाऱ्याला फायदा होतोच, आणि महागडी साधने सर्वांना परवडत नाहीत, हेही मान्य. पण शिकलेले टेबलावर आठवावे लागते, आणि आठवणे हे त्याचे स्वतःचे काम असते.

‘ऑनलाइन खेळात पकडताच येत नाही, तर सगळ्यांनाच मुभा द्या’, हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. २०१७ मध्ये पिट्सबर्गला ‘लिब्राटस’ या प्रोग्रॅमने १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. अशी मुभा दिली तर माणसे फक्त बटणे दाबतील, आणि हौशी खेळाडूला आपण कुणाशी खेळतोय याचा पत्ताही लागणार नाही. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, त्यामुळे इथे हा प्रश्न मुख्यतः गोव्यात, मांडवीतल्या कॅसिनोंच्या टेबलांपुरता उरतो. तिथे तो सोडवणे अवघड नाही: पाने वाटली की मोबाइल हातात नको, आणि खेळाडू स्पर्धेतून बाहेर पडेपर्यंत त्याच्या माणसांपुढे लॅपटॉप नको.