दगड पाहायला चार दिवस?



या महिन्यात देऊळगाव राजाहून एका अम्मीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी बाहेरगावी राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. विषय भूशास्त्र. कॉलेजने चार दिवसांची अभ्यास सहल काढली आहे. अजिंठा, लोणार आणि वाटेतले काही घाट, नदीकाठ. संमतीपत्रावर पालकांची सही हवी. अब्बूंची ना नाही, पण ते उघडपणे बोलत नाहीत. दादीअम्मा मात्र स्पष्ट बोलतात: "दगड पाहायला चार दिवस? लोणार तर आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि जात्या-पाट्याचे दगड घरात काय कमी आहेत?" अम्मी विचारतात, "मी सही करू का?"

दादीअम्मांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो विषय घरात कुणी शिकलेला नाही, त्यासाठी तरुण मुलीला चार दिवस बाहेर पाठवायचं, तर तिथे ती काय करणार हे कळायलाच हवं. म्हणून आधी तेच सांगते.

डॉक्टरकीचं शिक्षण पेशंट न पाहता पुरं होत नाही, तसंच भूशास्त्राचं आहे. वर्गात ठेवलेला दगड हा मुळापासून तोडलेला तुकडा असतो. तो कुठल्या थरातला, त्याच्या खाली काय, वर काय, थर आडवे की कललेले, हे जागेवर गेल्याशिवाय समजत नाही. मुली होकायंत्राने दिशा घेतात, थराचा कल मोजतात, भिंगातून दगडाचे कण पाहतात, सौम्य आम्लाचा थेंब टाकून चुना आहे का ते तपासतात, नकाशावर खुणा करतात आणि सगळं वहीत उतरवतात. संध्याकाळी सर किंवा मॅडम ती वही तपासतात. या कामाला परीक्षेत गुण असतात. जी मुलगी जात नाही तिचे गुण तर बुडतातच, शिवाय पुढे एम.एस्सी.ला किंवा नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ती अडते.

आता लोणारविषयी. आपल्यापैकी अनेकांनी ते सरोवर काठावरून पाहिलं असेल, फोटो काढले असतील आणि परतले असतील. भूशास्त्राची मुलं तिथे काय वाचतात?

आपला बहुतेक महाराष्ट्र ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. एकावर एक थर बसले. अजिंठ्याची लेणी याच थरांत कोरलेली आहेत. लोणारच्या विवराच्या भिंतीत असे थर एकाखाली एक दिसतात. त्या थरांवर बऱ्याच काळानंतर आकाशातून एक अशनी येऊन आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, काठापासून सुमारे १५० मीटर खोल खड्डा पडला. काठाजवळ थर वर उचलले गेलेले, काही ठिकाणी उलटेही झालेले दिसतात. बाहेर फेकला गेलेला दगडगोट्यांचा चुरा काठाभोवती पसरलेला आहे. मुली काठावर उभ्या राहून थराचा कल मोजतात, तेव्हा त्या धक्क्याचं मोजमाप त्यांच्या वहीत येतं.

हे कोडं सुटायलाही फार वेळ लागला. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त या भागाचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण बनवायला लागणारे क्षार इथे मिळतात, ही त्यातली नोंद. पुढे १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेकडे युरोपियनांचं लक्ष वेधलं. अनेक वर्षं लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते, आणि ते समजणं साहजिक होतं, कारण आजूबाजूला सगळा लाव्ह्याचाच दगड. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तळात छिद्रं पाडून खोलवरचा दगड वर काढला. प्रचंड धक्क्यानेच तयार होते अशी काच त्यात सापडली. १९७३ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं आणि वाद मिटला.

वयाचा वाद मात्र चालू राहिला. एका पद्धतीने मोजलं तर विवर सुमारे ५२ हजार वर्षांचं निघालं. २०११ साली दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचं. एवढा फरक! मुलांना हे जागेवर शिकवलं जातं तेव्हा त्यांना कळतं की, पुस्तकातला आकडा कुणीतरी, कुठल्यातरी पद्धतीने काढलेला असतो आणि तो तपासता येतो. ही सवय एकदा लागली की व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक आकडाही ते मूल तपासूनच घेतं.

चंद्रावरचे मोठे काळसर डागही बेसॉल्टचेच आहेत. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये पडलेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं विवर फार दुर्मीळ. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ देशोदेशींहून बुलढाणा जिल्ह्यात येतात. आपल्या मुलीला ते घरापासून दीड-दोन तासांवर आहे. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं ते आठवत असेल. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं तपासणीत आढळलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

"पण दगड शिकून पोट भरतं का?" हा दुसरा प्रश्न पत्रात नाही, पण घरात नक्की असेल.

आपल्या तालुक्यातली विहीर डोळ्यांसमोर आणा. एकाला ४० फुटांवर पाणी लागतं, बांधापलीकडच्या भावाची बोअर ३०० फूट जाऊनही कोरडी. लोक नशिबाला बोल लावतात. भूशास्त्र सांगतं की, लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि झिजलेला असतो, त्यात पाणी साठतं. मधला भाग घट्ट काळा पाषाण, त्यात भेगा नसतील तर पाणी नाही. मुरूम कुठे जाड आहे, भेगा कुठल्या दिशेने जातात, हे वाचता आलं तर शेतकऱ्याचे बोअरचे पैसे वाचतात. एक फसलेली बोअर म्हणजे किती कर्ज, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

हे काम करणारी माणसं राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत असतात. केंद्रात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ आहे. त्यांच्यासाठी एम.एस्सी.नंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची स्वतंत्र परीक्षा असते. याशिवाय धरणं, बोगदे, रस्ते, खाणी, सिमेंट, सगळीकडे हा माणूस लागतो. नोकरी लागेलच अशी हमी कुठलाच विषय देत नाही, हाही देत नाही. पण या विषयात उमेदवारांची गर्दी इतर पदव्यांपेक्षा कमी असते आणि अमरावती विद्यापीठातच पुढच्या शिक्षणाची सोय आहे.

मुलींचं हे काम नाही, असं कुणी म्हणालं तर दोन नावं सांगा. १९८३ साली भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली, तेव्हा त्यात सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या दोघी होत्या. भारतीय मोहिमेतून त्या बर्फाळ खंडावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. सुदीप्ताबाई भूशास्त्रज्ञ, अदितीबाई समुद्रशास्त्रज्ञ आणि मूळच्या नागपूरच्या. आणि हजार वर्षं मागे जायचं तर अल-बिरूनीने हिंदुस्थानात फिरताना नदीकाठचे गोटे निरखले. डोंगराजवळ मोठे, पुढे बारीक, शेवटी वाळू, हे पाहून त्याने अनुमान काढलं की, हे मैदान कधीकाळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने भरलं असावं. तोही घरात बसून हे सांगू शकला नसता.

आता दादीअम्मांची काळजी. ती खरी आहे. रात्रीचा प्रवास, अनोळखी मुक्काम, मुला-मुलींची एकत्र बस. या भीतीला "जमाना बदलला" हे उत्तर होत नाही. उत्तर चौकशीने मिळतं. अब्बूंनी कॉलेजात जाऊन किंवा फोन करून हे विचारावं:

बरोबर शिक्षिका येणार आहेत का, किती? मुलींचा मुक्काम कुठे, त्याचं नाव-पत्ता आणि फोन काय? बस कुणाची, रात्री प्रवास आहे का? अपघात-आजारपणात जवळचा दवाखाना कोणता ठरवला आहे? सहलीची लेखी परवानगी कॉलेजने घेतली आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर सही करावी. उत्तरं टाळली गेली तर सही थांबवावी, आणि का थांबवली ते लेखी कळवावं. त्याने इतर मुलींचंही भलं होतं.

खर्च जड जात असेल तर हप्त्याने भरण्याची सवलत मागायला संकोच करू नये. जेवणाचं आधी सांगून ठेवावं, शाकाहारी जेवण घेतलं की प्रश्न उरत नाही. नमाजसाठी दुपारच्या जेवणाच्या वेळी थोडी सवड शिक्षकांकडून मागून घ्यावी. आधी सांगितलं तर सोय होते, ऐनवेळी सांगितलं तर सगळ्यांची धांदल होते.

मुलीसाठी तयारी: पूर्ण बाह्यांचा सुती सलवार-कमीज, ओढणी पिनेने घट्ट लावलेली, पायात पकड असलेले बूट. चप्पल-सँडल अजिबात नको, उतार घसरडे असतात. दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे, नेहमीची औषधं. विवरात उतरल्यावर स्वच्छतागृह मिळत नाही, म्हणून उतरण्यापूर्वीच जाऊन यावं आणि पाळीचे दिवस असोत-नसोत, पॅड आणि एक कागदी पिशवी बॅगेत असावी. याची लाज वाटून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते. आणखी एक गोष्ट: लोणार हे अभयारण्य आणि राष्ट्रीय भूवारसा आहे. तिथे हातोडा बॅगेतच राहतो. दगड फोडायचा नाही, आठवण म्हणून उचलायचाही नाही.

सही करण्याआधी अजून एक गोष्ट करता येईल. संमतीपत्राची मुदत पंधरा दिवस आहे, मधे दोन रविवार येतात. त्यातल्या एका रविवारी मुलीला घरी बोलवा, दादीअम्मांसह सगळे लोणारला जाऊन या. सकाळी लवकर निघा, डबा बरोबर घ्या. खाली उतरण्याची गरज नाही, काठावरच मुलीला बोलू द्या. हा थर कोणता, तो का कलला, पाणी खारट का. तिला जे येतं ते ती सांगेल, जे येत नाही ते चार दिवसांच्या सहलीत शिकून येईल. आपली नात काय शिकते हे दादीअम्मांनी आजवर फक्त ऐकलं आहे. एकदा तिच्या तोंडून, त्या जागेवर ऐकू द्या. त्यानंतरही त्यांची ना असेल तर अम्मी-अब्बूंनी मिळून निर्णय घ्यावा आणि तो दादीअम्मांना आदराने, पण स्पष्ट सांगावा. मौन ठेवून मुलीवर सोडू नये.

माझं उत्तर विचाराल तर, चौकशी पुरी करा आणि सही करा. सहलीहून आल्यावर मुलीला तिची वही घरात सगळ्यांना वाचून दाखवायला सांगा. आणि पुढच्या वर्षी तुमच्या शेतात बोअर घ्यायची असेल तर पाणाड्याला बोलावण्याआधी तिला एकदा विचारा.