मधी एक मुक्काम करावा

समृद्धी महामार्ग आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. ५ जून २०२५ ला तो पूर्ण सुरू झाला. रात्री आमच्या बांधावरून गाड्यांचे दिवे दिसतात.

माझा मामा नागपूरला राहतो. दिवाळीनंतर तो गाडीने मुंबईला चालला होता. आईने धपाटे केले आणि वाट पाहिली. मग फोन आला, "अक्का, पुढं निघून आलो गं. आठ तासांत पोचायचंय." आई काही बोलली नाही. धपाटे आम्हीच खाल्ले.

माझे मत असे की लांबच्या प्रवासात मधी एक रात्र थांबावे. जालना जवळजवळ निम्म्या वाटेवर आहे. सरळ रस्त्यावर एकसारखी गाडी चालवली की डोळा लागतो, असे गुरुजी सांगतात. मुक्काम केला तर झोप होते. सकाळी अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी चढावी. ती माशासारखी दिसते, म्हणून देवीचे ते नाव. नाहीतर राजूरच्या गणपतीला जावे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती झाडाखाली बसून खावी. मोठ्या शहरात पळापळ असते, इथं निवांत बसता येतं.

कुणी म्हणेल, वेळ जातो. पण एक दिवस उशिरा गेलं तरी मुंबई तिथंच असते.

मामा, पुढल्या खेपेला आमच्याकडं उतर. आई म्हणते, मी आता वाट पाहत नाही. पण पाहते.

— इयत्ता ४ थी