लाल डब्यातून आलेलं सॉफ्टवेअर

इंटरनेटच्या आधी सॉफ्टवेअर एकाकडून दुसऱ्याकडे कसं जायचं, असं कोणी विचारलं की 'बीबीएस' असं उत्तर मिळतं. उत्तर बरोबर आहे, पण ते शिकागोचं आहे. आमच्या नगरचं (आता अहिल्यानगर) उत्तर वेगळं आहे. ते वेगळं का झालं, यावर मला थोडं बोलायचंय.

आधी बीबीएस म्हणजे काय ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्या भाचे-पुतण्यांना ठाऊक नसणार. कोणीतरी आपल्या घरच्या कॉम्प्युटरला मोडेम लावायचा आणि टेलिफोन जोडायचा. आपण आपल्या मोडेमवरून तो नंबर फिरवायचा, निरोप वाचायचे, फाइली उतरवून घ्यायच्या. फोनची लाइन एकच असेल तर एका वेळी एकच पाहुणा! वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी असं पहिलं बीबीएस शिकागोत 16 फेब्रुवारी 1978 रोजी सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षी क्रिस्टेन्सननी एक्समोडेम लिहिलं होतं. फाइलचे 128 बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येकाची बेरीज तपासायची, चुकली तर तेवढाच तुकडा पुन्हा मागायचा. हे त्यांनी सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. बऱ्याच बीबीएसवर एक रीतही होती : नुसतं घ्यायचं नाही, काहीतरी चढवायचंही. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत ना, तसंच.

आता नगरचा हिशोब. मुंबईत लाइव्ह वायरसारखी बीबीएस होती, पण नगरहून तिथे फोन म्हणजे एसटीडी. स्थानिक कॉलच्या दरात रात्रभर बसणारा अमेरिकन पोरगा आणि मीटरच्या आकड्याकडे बघत बसणारा आपला माणूस, यांची बरोबरी कशी व्हायची? 2400 च्या मोडेमवर सेकंदाला साधारण 240 अक्षरं जातात. 1.44 एमबीची एक फ्लॉपी भरायला एक तास 42 मिनिटं. दहा फ्लॉप्यांना 17 तास! त्याच दहा फ्लॉप्या पिशवीत घालून कोणी शिवाजीनगरहून एसटीत बसला, तर शिरूर, सुपे करत साडेतीन तासांत माळीवाड्याला हजर. म्हणजे आपला लाल डबा मोडेमच्या जवळजवळ पाचपट वेगवान. :-)

त्यामुळे आमचं बीबीएस म्हणजे एसटी, आणि सिसॉप म्हणजे पुण्याला शिकणारा कुणाचा तरी मुलगा. त्याबरोबर व्हायरसही यायचे. 1990 साली भारतात सापडलेला 'जोशी' आठवतो? 5 जानेवारीला मशीन अडवून बसायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही.

इथपर्यंत गंमत. पण नगरसारख्या गावात कोणा हौशी माणसाने स्वतःचं बीबीएस काढलं असतं तर एसटीडीचा प्रश्नच उरला नसता. फोन गावातल्या गावात. मग? 1990 च्या दशकाच्या मध्यावर दूरसंचार खात्याने बीबीएस चालवणाऱ्यांसाठी वर्षाला 15 लाख रुपये लायसन्स फी ठरवली. कायद्याचा आधार 1885 चा, तारयंत्राच्या काळातला. दिल्लीत अरुण मेहता वगैरे मंडळींनी याविरुद्ध आवाज उठवला. मोठी कंपनी अशी रक्कम भरू शकेल. पण घरातल्या एका फोनवर हौस म्हणून बीबीएस चालवणारा कुठून भरणार? पुढे 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमचं इंटरनेट आलं, तेही आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासला.

कोणी म्हणेल, फ्लॉप्यांवर फिरायची ती बहुतेक चोरीचीच सॉफ्टवेअर होती, मग कसलं कौतुक? त्यात तथ्य आहे. मराठी फाँट करणाऱ्यांच्या पोटावर त्याने पाय आला, हे मीही नाकारत नाही. पण त्याच फ्लॉप्यांवर शेअरवेअरही असायचं : वापरून बघा, आवडलं तर पैसे पाठवा. आता वीस डॉलर नगरहून पाठवायचे कसे? परकीय चलनावर 1973 च्या फेरा कायद्याचा पहारा. प्रामाणिकपणाची वाटच बंद असेल तर नुसता आडवाटेने जाणाऱ्याला दोष देणं मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. संपर्काच्या साधनावर मोठी फी किंवा परवानगी बसली की मोठी शहरं काहीतरी मार्ग काढतात. गप्प होतात ती लहान गावं, आणि ती गप्प झाली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आजही असा एखादा नियम आला की मी एकच विचारतो, हा सुप्याच्या, जामखेडच्या पोराला परवडेल का?

आणि हो, फुकट काही उतरवून घेतलंत तर वाटी रिकामी परत करू नका. निदान चार ओळींचे आभार तरी. काय म्हणता?