शंकाविष, जलत्रास आणि आपले कर्तव्य

श्वानदंश झालेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येणे ही जुनी गोष्ट आहे. अलीकडे मात्र दंश न झालेली माणसेही त्याच भीतीने येऊ लागली आहेत. अंगणात वाळत घातलेल्या साडीला कुत्र्याचे तोंड लागले. स्कूटरच्या सीटवर रात्री भटके कुत्रे झोपले होते आणि सकाळी त्यावर हात पडला. रस्त्यावर पडलेल्या लाळेवर अनवाणी पाय पडला. ज्या म्हशीचे दूध घरी येते तिला पिसाळलेले कुत्रे चावल्याचे कानी आले. 'डॉक्टर, मला रेबीज तर होणार नाही ना?' हा प्रश्न औषधी दुकानांच्या काउंटरवरही विचारला जातो. त्याला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक म्हणजे हसून 'काही होत नाही, घरी जा' आणि दुसरे म्हणजे 'कशाला धोका पत्करता, इंजेक्शने घेऊन टाका'. दोन्ही उत्तरे पुरेशी विचारपूस न करता दिलेली असतात, म्हणूनच दोन्ही सदोष आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या भीतीला आधारच नाही असे म्हणता येणार नाही. लक्षणे प्रकट झाल्यावर हा व्याधी जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक ठरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२२-२३ मधील देशव्यापी सर्वेक्षणाच्या अनुमानानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणिदंश होतात आणि ५,७०० हून अधिक माणसे रेबीजने दगावतात. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात अलर्कविषाचे वर्णन करताना कुत्रा, कोल्हा, तरस आदी उन्मत्त प्राण्यांची लक्षणे दिली असून, पाण्याच्या दर्शनाने वा स्पर्शाने घाबरणे हे अरिष्टलक्षण मानले आहे. साध्यासाध्यतेविषयीचा हा प्रामाणिकपणा आपण विसरता कामा नये.

परंतु ज्या परंपरेने जलत्रास ओळखला, तिनेच भीतीपासून उद्भवणारा विकारही ओळखला. चरकाचार्यांनी विषचिकित्सेच्या अध्यायात 'शंकाविष' सांगितले आहे. अंधारात काहीतरी टोचले, ते विषारी असावे या शंकेनेच ज्वर, छर्दी, दाह, मूर्च्छा, ग्लानी उत्पन्न होते. तेथे रुग्णाला आश्वासन देणे हा चिकित्सेचा महत्त्वाचा भाग आहे. साडीला कुत्र्याचे तोंड लागले म्हणून महिनाभर झोप न लागलेली स्त्री पाहिली की हे वर्णन किती यथार्थ आहे ते कळते. तिचा त्रास खरा असतो, कारण मात्र शंकेत असते. आश्वासन हे अशा वेळी औषधच होय. आणि औषध म्हटले की त्याला निदान हवे, मात्रा हवी आणि निषेधही हवा.

आश्वासन कोणत्या पायावर द्यायचे, ते प्रथम पाहू. रेबीजचा विषाणू प्रामुख्याने पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून आणि मज्जासंस्थेच्या ऊतींतून पसरतो. त्याभोवती स्निग्ध आवरण असते. साबण, अल्कोहोल, उष्णता, सूर्यप्रकाश आणि कोरडेपणा यांपुढे तो टिकत नाही. लाळ पूर्ण वाळली की तिची संसर्गक्षमता संपली असे मानले जाते. अभंग त्वचेतून तो शरीरात शिरत नाही. प्राण्याचे रक्त, मूत्र वा विष्ठा यांच्या स्पर्शाने हा रोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात प्राण्याला हात लावणे, त्याला खाऊ घालणे आणि अभंग त्वचा चाटली जाणे या गोष्टी पहिल्या वर्गात मोडतात. तेथे लस लागत नाही. स्पर्श झालेली जागा धुतली की पुरे. स्कूटरची सीट, दोरीवरील साडी, पायपुसणे, फाटकाची कडी यांविषयी आपण निःशंकपणे धीर द्यावा.

दुधाचा प्रश्न गावेच्या गावे हलवून सोडतो. डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील बदायूं जिल्ह्यात एका तेराव्याच्या जेवणात वाढलेल्या रायत्यासाठी वापरलेले दूध ज्या म्हशीचे होते ती कुत्रे चावल्यानंतर मरण पावल्याचे कळताच सुमारे दोनशे ग्रामस्थांनी सावधगिरी म्हणून लस घेतली. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, कारण त्या तापमानात विषाणू नष्ट होतो. पिसाळलेल्या जनावराचे दूध वापरू नये हे खरेच. कच्चे दूध प्यायले गेले असेल, तर निर्णय शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांवर सोपवावा. जनावराच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्या गोपालकाची गोष्ट मात्र वेगळी. दूध पिणाऱ्या पन्नास जणांच्या गोंधळात खऱ्या धोक्यातील तो एकटा माणूस दृष्टीआड होतो आणि वैद्याने नेमके त्यालाच शोधून काढले पाहिजे.

आता निषेध पाहू. उघड्या त्वचेवर दात लागणे किंवा रक्त न येता किरकोळ ओरखडा उठणे हा दुसरा वर्ग; त्यात जखम धुणे आणि लस आवश्यक आहे. त्वचा भेदणारा चावा वा ओरखडा, खरचटलेल्या वा चिरलेल्या जागेवर चाटणे, डोळे, ओठ, तोंड यांना ओल्या लाळेचा स्पर्श होणे हा तिसरा वर्ग. त्यात लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. येथे 'काही होत नाही' हे शब्द उच्चारणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय. कुत्रा पाळलेला आहे, पिल्लू आहे, ओळखीचे आहे या सबबी गैरलागू आहेत. कुत्रा व मांजर यांना दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवता येते. पण चिकित्सा पहिल्याच दिवशी सुरू करायची असते. दहा दिवसांनंतरही प्राणी निरोगी राहिला तर पुढील मात्रा थांबवायच्या की नाही हे चिकित्सक ठरवतो.

या दोन टोकांमधील सीमा कोणत्याही रक्ततपासणीने ठरत नाही. परिपाककाल सामान्यतः दोन-तीन महिन्यांचा, क्वचित आठवड्याचा वा वर्षाहूनही अधिक असतो आणि त्या काळात रोग आहे की नाही हे सांगणारी चाचणी उपलब्ध नाही. म्हणून प्रश्नपरीक्षा हेच येथे मुख्य साधन ठरते. प्राणी कोणता होता? स्पर्श शरीराच्या कोणत्या भागाला झाला? त्या जागी जखम, भेग किंवा खाजवल्याचा ओरखडा होता का? लाळ ओली होती की वाळलेली? डोळ्याला वा तोंडाला काही लागले का? घटनेला किती दिवस झाले? प्राणी जिवंत आहे का? या प्रश्नांसाठी पाच मिनिटे पुरतात. बालकांच्या बाबतीत त्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. रागावतील या भयाने मुले दंश लपवतात. त्यांचे सर्वांग प्रकाशात स्वतः पाहावे. उत्तरांनंतरही संशय उरलाच, तर लसीच्या बाजूने निर्णय घ्यावा. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी जुनी सेंपल लस आणि तिची पोटातली इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. आजच्या लसी सुरक्षित आहेत आणि शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतात.

औषधविक्रेत्या बांधवांना विशेष विनंती आहे. 'कुत्र्याने ओरबाडले, मलम द्या' असे सांगणाऱ्या ग्राहकाला केवळ मलम देऊन पाठवू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुण्यास सांगून त्याला त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले म्हणजे काम झाले, हा समज फार पसरलेला आहे. तो तेथल्या तेथे दूर करावा. हळद, चुना, तिखट, तेल जखमेत भरण्यापासून परावृत्त करावे. आपल्याकडे लस विक्रीस असल्यास ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहील आणि गोठणार नाही, याची जबाबदारी आपली आहे.

स्वकीयांना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. अलर्कविषावर संहितेत दाहकर्म, धत्तूर, पुनर्नवा आदी उपचार आहेत. त्या काळी उपलब्ध साधनांनी केलेला तो गंभीर प्रयत्न होता आणि त्याचा अभ्यास अवश्य व्हावा. पण त्यांच्या भरवशावर आज एकाही दष्ट रुग्णाची लस टाळणे समर्थनीय नाही. ज्या आचार्यांनी जलत्रास असाध्य असल्याचे निःसंकोच लिहिले, त्यांच्या नावावर खोटी आशा विकणे हा त्यांचाच अवमान आहे.

शेवटी, समजावूनही न शमणाऱ्या शंकेविषयी. काही रुग्ण निर्धोक स्पर्शासाठी एकामागून एक लसींचे क्रम पूर्ण करतात, दिवसातून वीसदा हात धुतात, बाहेर पडणे सोडतात आणि दर आठवड्याला तोच प्रश्न घेऊन परततात. त्यांना पुन्हा पुन्हा तेच आश्वासन देत राहिल्याने शंका क्षणभर शमते आणि दुप्पट होऊन येते. मात्रा चुकली की औषधही बाधते ते असे. त्यांच्यासाठी निर्णय दिनांकासह एकदाच कागदावर लिहून द्यावा, नातेवाइकांना विश्वासात घ्यावे, सत्त्वावजय चिकित्सेचा अवलंब करावा आणि मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविण्यास संकोच करू नये. त्यांची चेष्टा करू नये. चेष्टेने दुखावलेला माणूस पुढे खरोखर चावा घेतला गेला तरी सांगायला येत नाही.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्यानिमित्त आपल्या संघटनेने वरील प्रश्नावली आणि तीन वर्गांचा एक सुवाच्य मराठी तक्ता छापून प्रत्येक सदस्याच्या चिकित्सालयात व दुकानात लावण्याची व्यवस्था करावी, अशी माझी सूचना आहे. भ्यालेल्या माणसाला धीर आणि दष्ट माणसाला लस, दोन्ही वेळेवर मिळाले, तर त्या तक्त्याचा खर्च कोणालाही जड वाटणार नाही.