खिशातला चाकू आणि घिसाड्याची मजुरी

धर्माबादच्या मिरची बाजारात पोत्याची सुतळी कापायला चाकू लागतोच. हल्ली काही तरुण मुले मिटणारा, नामांकित परदेशी चाकू मागवताना आम्ही पाहतो. किंमत दीड-दोन हजारांच्या पुढे, आणि चढतीच.

हा पैसा सगळाच वाया जातो असे नाही. चांगल्या पोलादाची धार टिकते, गंज लवकर धरत नाही, उघडलेले पाते घट्ट बसते. पण एका मर्यादेनंतर आपण धारेचे नव्हे, नावाचे पैसे मोजतो. शिवाय फार कठीण पोलादाला घरच्या दगडावर धार लागणे अवघड. जुलै 2022 मध्ये सरकारने चाकूवरचा जीएसटीही 12 वरून 18 टक्के केला.

आमच्याकडे घिसाडी बांधव मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद तापवून, ठोकून, पाणी देऊन पाते घडवतात. घण बहुधा घरची बाईच मारते! ते पाते गंजते खरे, पण पुसून तेलाचा हात फिरवला की वर्षानुवर्षे चालते. दुकानातल्या छापील किमतीला मान डोलावणारे आपण तिच्याशी मात्र दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

महागडा चाकू घ्यायचाच, तर उघडून पाते हलते का ते पाहावे. जूनमध्ये, मुलांच्या वह्यापुस्तकांच्या वेळी, तर मुळीच नको.